उडत्या माणसाचे वाचक

नव्वद सालाच्या आसपास मी पनवेलच्या एका वाचनालयात नोकरीला होते. काम पुस्तकं द्यायची, परत घ्यायची आणि दुपारी पंख्याखाली जांभया द्यायच्या. त्या जांभयांना कंटाळून मी एक चित्रकथा काढायला घेतली. माझा नायक कर्नाळ्याच्या सुळक्यावर राहायचा, उडायचा आणि संकटात सापडलेल्यांना सोडवायचा. अंगाला चिकटलेला निळा पोशाख, खांद्यावर फडफडणारं लाल उपरणं. पहिल्या भागात त्याने गाढी नदीत घसरलेली एसटी एका हाताने वर काढली.

भागाची एकच प्रत, हाताने शिवलेली. मी ती वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवली आणि शेजारी दोरी बांधून एक वही: 'वाचकांनी अभिप्राय लिहावेत.' ही वही ठेवायला नको होती, हे मला आठवड्याभरात कळलं.

पहिला अभिप्राय आमच्या मराठीच्या निवृत्त गुरुजींचा. त्यांनी वहीत फक्त 'आत पाहावे' एवढंच लिहिलं होतं. आत पाहिलं, तर पात्रांच्या तोंडचा प्रत्येक फुगा लाल शाईने तपासलेला. बुडणारी बाई 'वाचवा, मी बुडते' असं ओरडत होती. तिच्या बुडण्यातला ऱ्हस्व उकार मी दीर्घ काढला होता. तिला त्यांनी आधी शुद्ध केलं, मग बुडू दिलं.

शाळकरी मुलांनी लिहिलं, 'मारामारी कमी, बोलणं फार.' मुंबईला नोकरी करणाऱ्या एका बाईंनी रविवारी येऊन लिहिलं, 'हा दिवसभर उडतो. याचा डबा कोण करतं?' बाजारातले एक शिंपीचाचा मला थेट काउंटरवर भेटायला आले.

"बहेनजी, हा हात वर करून उडतो ना?"

"हो."

"मग बगलेत कळी कुठाय? तिथे कापडाचा जादा तुकडा लागतो. पहिल्याच उड्डाणात टर्रकन उसवेल. चार लोकांत बेइज्जती होईल बिचाऱ्याची." त्यांनी वहीत पोशाखाचं अख्खं कटिंग काढून दिलं, खिशांसकट.

आणि बंदराकडच्या जासई गावचे एक ट्रेलर ड्रायव्हर होते. पनवेलला खेप आली की पेपर वाचायला यायचे. ते म्हणाले, "बाई, तुमचा मानूस बरा हाय. पन तो आमच्या जासईला का नाय येत? तितं कंटेनरच्या गाड्या अशा उभ्या रातात, चालाला जागा नाय."

मी सगळ्यांचं ऐकायचं ठरवलं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि सगळ्यांना आवडावं असं मला फार वाटे. दुसऱ्या भागात नायकाचं लग्न लावलं, बायकोच्या हाती डबा दिला, बगलेत कळी दिली, शब्दकोश शेजारी ठेवून फुगे लिहिले, मारामारी चार पानं वाढवली आणि शेवटी त्याला जासईला पाठवून सगळे ट्रेलर समुद्रात फेकायला लावले.

गुरुजींनी लिहिलं, 'शुद्धलेखन निर्दोष. गोष्ट मात्र राहून गेली.' मुलांनी लिहिलं, 'लग्न नको होतं.' डब्यावाल्या बाईंनी लिहिलं, 'म्हणजे शेवटी बायकोच ना?' चाचा तेवढे खूश होते, त्यांनी तर दुकानात गिऱ्हाइकांना सांगितलं. ड्रायव्हर मात्र गंभीर चेहरा करून उभे राहिले.

"समुद्रात टाकलेल्या गाड्यांत माजी पन गाडी आली ना, बाई?"

मी ओशाळले. ते पुढे म्हणाले, "आनि जासईला तुमी झोपड्या काढल्या. आमची घरं अशी नाय. एकदा येऊन तरी बगा."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी वही-पेन्सिल घेऊन एसटीने खरंच गेले. त्यांच्या आईने मला तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. म्हातारी गावात लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौकाची चित्रं काढायची. दुपारभर मी रस्त्याकडेला बसून ट्रेलर काढले, त्यांच्या सावलीत झोपलेले क्लीनर काढले, दोन गाड्यांच्या फटीतून डोक्यावरची पाटी सांभाळत आडव्या जाणाऱ्या बायका काढल्या.

तिसऱ्या भागात ते सगळं आलं. नायक दोनच चौकटींत, तोही वरून जाताना. मुलं भडकली. एकाने लिहिलं, 'उडत्या माणसाने काहीच केले नाही. पैसे परत द्या.' ही चित्रकथा फुकट होती.

ड्रायव्हर मात्र तो भाग घरी घेऊन गेले आणि महिनाभर आलेच नाहीत. परत आणला तेव्हा तो अख्ख्या आळीत फिरून कापडासारखा मऊ झाला होता, त्यावर हळदीची बोटं होती. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने एक जादा चौकट काढली होती. त्यात माझा नायक जमिनीवर उतरला होता आणि पाच-सहा माणसांबरोबर चिखलात रुतलेला ट्रेलर ढकलत होता. त्याला भरघोस मिशी होती.

"हे कोणी काढलं?"

ड्रायव्हर लाजले. "म्हातारीनं. तिला वाचाला येत नाय, पन रोज बगत बसायची."

"आणि मिशी?"

"मी पन इचारलं. तर बोलली, बिनमिशीच्या मानसाला ट्रेलर ढकलाला जमेल काय?"

मला हसू आवरेना. त्या चौकटीतल्या माणसांच्या पाठी बघताना मात्र मला कळलं की माझ्या तिन्ही भागांत एकाही माणसाला घाम आलेला नाही.

"आणखी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"बोलली, बाईचा मानूस वरून जातो, पन खाली बगतच नाय."

चौथ्या भागात मी त्याला मिशी दिली आणि प्रत्येक चौकटीत त्याची मान खाली वळवली. दोन दिवसांनी वहीत मुलांचा अभिप्राय आला: 'आता बरा आहे. पण याची मान अवघडली आहे का?'