त्यात राम किती?

शुद्धलेखनाची माफी आधीच मागते. माझी शाळा चौथीपर्यंतची. अक्षरही तसंच, ओळीवर न बसणारं. माझ्या लेकीची, पल्लवीची, अर्धी उरलेली वही आहे, तिच्यात लिहिते आहे. कोणाच्या हाती पडलीच तर हसू नका. मास्तर हसले नसते. ते म्हणाले असते, "अक्षर जाऊ द्या बाई, त्यात राम किती आहे ते पाहा."

हे त्यांचं नेहमीचं बोलणं. चहा पातळ आला की कप खाली ठेवायचे, "यात राम नाही." माझ्या टोपलीत कालचा झेंडू दिसला की एक फूल बोटाने दाबून पाहायचे, "यात राम नाही, बाई." आणि दुरुस्तीला कोणी लॅपटॉप घेऊन आलं, की तो उघडायच्या आधी त्याला खालून उलटा हात लावायचे. लेकराला ताप आला का ते पाहायला आपण कपाळाला लावतो ना, तसा. मग विचारायचे, "राम किती आहे याच्यात?"

अकोल्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी तो जिना आहे. जिन्याखाली माझं फुलांचं दुकान. दुकान म्हणजे एक लाकडी पाट आणि वर ताडपत्री. जिन्यावर मास्तर. आधी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. सकाळपासून वर पाऊस पडल्यासारखा आवाज चालायचा. मग लोकांनी टायपिंग शिकणं सोडलं, मशिनी भंगारात गेल्या, मास्तर लॅपटॉप दुरुस्त करायला शिकले. एक मशीन मात्र त्यांनी ठेवली. रोज सकाळी माझ्याकडून वीस रुपयांचा शेवंतीचा हार घ्यायचे आणि वर नेऊन तिला घालायचे.

"देवाले नाही घालत?" मी एकदा विचारलं.

"देवानं काय दिलं ते मले माहीत नाही. हिनं पंचवीस वर्ष जेवू घातलं."

दुपारी त्यांचं शटर अर्धं खाली असायचं. मला वाटायचं झोपतात. मे महिन्यात एकदा पाणी मागायला वर गेले. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं, आणि आत मास्तर कूलरसमोर बसून बर्फातून ट्रक चालवत होते. लॅपटॉपवर. दोन्ही बाजूंनी पांढरेशुभ्र डोंगर, आणि मास्तरांच्या कपाळावर घाम.

"थांबा बाई, घाट आहे," ते म्हणाले. मी माठाजवळ उभी राहिले. घाट उतरेपर्यंत मीही श्वास धरून होते, हे कोणाला सांगितलं नाही.

"कुठलं गाव हे?"

"काय माहीत! पण रस्ता चांगला आहे. गड्डे नाहीत."

"मास्तर, तुमी खरंच कुठी काहून जात नाही?"

"मले गाडी लागते बाई. मूर्तिजापूर येईपर्यंत तीन वेळा उलटी होते."

साऱ्या जगाचे ट्रक हाकणारा हा माणूस एसटीत बसू शकत नव्हता.

आता माझं सांगते. पल्लवी अमरावतीला शिकत होती. तिला घरबसल्या एक काम मिळणार होतं. नवे गेम बाजारात येण्याआधी खेळून पाहायचे आणि कुठे अडकतात ते लिहून कळवायचं. अट एकच, भारी गेम चालेल असा लॅपटॉप स्वतःचा पाहिजे. पंधरा दिवसांत नसेल तर काम दुसऱ्याला. त्याच महिन्यात माझी भिशी लागली, साठ हजार. आठ वर्षांत पहिल्यांदा एवढे पैसे हातात आले होते, पुन्हा कधी येतील ठाऊक नव्हतं. पल्लवीचे बाबा म्हणाले, "खेळायच्या मशिनीले साठ हजार? त्यात म्हैस येते!"

मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "आणा म्हैस. पण पोरीचं काम म्हशीले जमते का ते आधी इचारा."

लॅपटॉप अमरावतीला घ्यायचं ठरलं. मास्तर येणार नव्हतेच. डब्यावरचं इंग्रजी मला वाचता येत नाही, आणि पल्लवी दिव्यांवर भाळणारी. म्हणून त्यांनी मलाच शिकवायला घेतलं.

"बाई, फुलं तुमी काट्यावर तोलता का हातावर?"

"हातावर."

"मंग हातच न्या."

त्यांनी माझ्या दोन हातांत दोन चार्जर दिले. एक हलका, एक विटेसारखा. "हलकावाला अर्ज भराले चांगला. खेळाचं मशीन खादाड असते, त्याचा चार्जर जड पाहिजे. मंग इचारायचं, कार्ड वेगळं आहे का?"

"रेशनचं?"

मला वाटलं आता हसतील. ते विचारात पडले आणि खूश झाले. "बराबर! तसंच. भाऊ वेगळा झाला की कार्ड वेगळं, चूल वेगळी. खेळातली चित्रं रांधायले वेगळी चूल लागते. एकाच चुलीवर सारं ठेवलं की भाजी करपते." मग म्हणाले, "गेम लावून अर्धा तास चालू द्या. उलटा हात लावा. गरम चालते, चटका नाही पाहिजे. आपल्या उन्हात मशीन आधीच अर्धं शिजलेलं असते. वारा कसा फेकते ते पाहा. आणि राम सोळा पाहिजे. सोळा!"

मी रस्ताभर घोकत गेले. मूर्तिजापूर, बडनेरा, जड चार्जर, वेगळी चूल, सोळा राम.

दुकान थंडगार, काचेचं. टाय लावलेल्या माणसाने एक लॅपटॉप पुढे ठेवला. पातळ, चकचकीत, बटणांखाली लाल दिवे पळताहेत. पल्लवीचा चेहराच उजळला. मी कधी भाजीवाल्याला दुसऱ्यांदा भाव विचारत नाही, इतकी भित्री. पण साठ हजार माझ्या ब्लाउजमध्ये होते. मी विचारलं, "भाऊ, याच्यात राम किती?"

तो हसला. मग शेजारचे दोघं हसले. "राम देवळात असते काकू. इथं रॅम असते, रॅम."

पल्लवीने माझा पदर ओढला. "आई, तू बोलू नको ना." तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं जमीन दुभंगावी. मास्तरांनी एकदाही सांगितलं नव्हतं की तो राम नाही. पण पल्लवीचं लक्ष पुन्हा लाल दिव्यांवर गेलं, आणि मला म्हैस आठवली, आणि पंधरा दिवस आठवले.

मी चार्जर मागितला. हातावर घेतला. हलका. "गेम लावा," म्हटलं. अर्ध्या तासाने उलटा हात लावला आणि झटकन काढून घेतला. माझ्या पिशवीच्या तळाशी नेहमी फुलांचा चुरा असतो. झेंडूची एक पाकळी काढून वारा येतो त्या जाळीपाशी ठेवली. पाकळी जरा थरथरली आणि तिथेच पडून राहिली.

"दुसरा दाखवा."

दुसरा जाड, काळा, तव्यासारखा. एकही दिवा नाही. चार्जर उचलला तर मनगट वाकलं. कार्ड वेगळं होतं. अर्धा तास चालला, गरम झाला, पण हात ठेवता येत होता. पाकळी ठेवली, ती उडाली आणि त्या माणसाच्या टायवर जाऊन बसली.

तो हसायचा थांबला. "काकू, हे तुमाले कोणी शिकवलं?"

"आमच्या मास्तरांनी."

त्याने पाकळी टायवरून काढली आणि हळूच म्हणाला, "याच्यात राम आठ आहे, काकू. सोळा कराले साडेतीन हजार वर लागतील." आमच्याजवळ परतीच्या भाड्यापुरतेच पैसे उरले होते. तव्याला पोत्यात गुंडाळून आम्ही अकोल्याला आणलं.

मी सरळ जिना चढले. "मास्तर, तो रॅम आहे म्हणे! लोक हसले मले."

"रॅम म्हटलं असतं तर तुमच्या ध्यानात राहिलं असतं का?"

त्यांनी खालून उलटा हात लावला, चार्जर तोलला, मान डोलावली. "जबर आणला. आठच आहे ना? खाली पाटावर बसा, चहा सांगा." आम्ही चहा पिऊन वर गेलो तोवर आत सोळा झाला होता. पैशाचं विचारलं तर म्हणाले, "बत्तीसशे. रोख देऊ नका. माझ्या रोजच्या हारातून कापा. एकशे साठ हार."

पल्लवीचं काम सुरू झालं. मास्तर खाली यायची वाट न पाहता मी रोज स्वतःच हार वर नेऊ लागले. दुपारी शटर आता पूर्ण उघडं असायचं आणि मास्तर नुसते बसलेले.

"ट्रक नाही चालवत?"

"घाटात उभा आहे."

"इतके दिवस?"

"कापूस भरला आहे बाई. नासत थोडीच!"

मला वाटलं खेळातच तसं असेल. तुम्हालाही तेच वाटलं असतं.

दिवाळीनंतर ते आजारी पडले आणि पंधरा दिवसांत गेले. शेवटपर्यंत दवाखान्यात रिक्षाने नेलं, कारण गाडी लागते. तेराव्यानंतर त्यांच्या बायकोने दुकान उघडलं. मी हार घेऊन वर गेले. बाई म्हणाल्या, "आता कोणासाठी?"

"कापायचे राहिले आहेत."

त्यांनी टायपिंगच्या मशिनीकडे बोट दाखवलं. मशिनीत एक कागद अडकवलेला होता. त्यावर फुल्या, दहा-दहाच्या ओळी. रोजच्या हाराची एक फुली मास्तर टाइप करत होते. मी मोजल्या. एकशे एकोणपन्नास.

"तुमच्या पोरीले राम दिला ना," बाई म्हणाल्या, "तवापासून यांचा लॅपटॉप मेल्यासारखाच होता. आपला काढून दिला. नवीन घ्या म्हटलं तर म्हणे, हार फिटू दे आधी, मंग पाहू."

मी जिन्यावर येऊन बसले. खाली माझ्या पाटावर गिऱ्हाईक उभं होतं, आवाज देत होतं.

अकरा सकाळी मी वर गेले. हार घातला, बाईंनी दाखवलेलं बटण दाबलं, एक फुली पाडली. अकराव्या दिवशी पल्लवी अमरावतीहून आली. तिच्या पगारातून तिने एक आठाचा राम आणला होता. "पैसे तू फेड, आई. रामाच्या जागी राम मी देते." तिने मास्तरांचा लॅपटॉप उलटा केला. आत एक जागा रिकामी होती. तिथे तो बसवला.

ट्रक घाटातच उभा होता. दिवे लागलेले, काचेवर बर्फ. पल्लवीने तो हळूहळू खाली उतरवला. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. वळण आलं की त्यांचा हात माझ्या दंडावर घट्ट व्हायचा. खाली एक गाव आलं, मोठं गोदाम आलं, ट्रक थांबला.

"पोचला?" बाईंनी विचारलं.

"पोचला, काकू."

बाईंनी वाकून लॅपटॉपला खालून उलटा हात लावला. मग मी मशिनीला हार घातला आणि बटण दाबलं. एकशे साठावी फुली. माझं अक्षर कधी ओळीवर बसत नाही, पण ती मास्तरांच्या फुल्यांच्या ओळीत सरळ बसली.