गार डबी

इतकी प्रकरणं हाताखालून गेली, पण त्या सोडतीचं प्रकरण अजून मनातून गेलेलं नाही. खरं तर मी खात्यात फार वर्षं राहिले नाही. उपनिरीक्षक म्हणून अंबरनाथला रुजू झाले आणि घरच्या कारणाने लवकर बाहेर पडले. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे मी लिहिलेले जबाब आमचे हवालदार आधी वाचून घ्यायचे. "मॅडम, 'सदर इसम' लिहा. 'तो माणूस' लिहिलं की केस हलकी वाटते," असं ते अगदी गंभीरपणे सांगायचे.

काही शाळांमध्ये खिचडी शिजवून देण्याचं ते कंत्राट होतं. दर सरकारनेच ठरवलेला, त्यामुळे कमी दर कोणाचा हा प्रश्नच नव्हता. चार महिला बचत गट पात्र ठरले आणि शिक्षण विभागाच्या कार्यालयाने सोडत काढली. चार सारख्या प्लास्टिकच्या डब्यांत गटांच्या नावांच्या चिठ्ठ्या, त्या डब्या एका स्टीलच्या पातेल्यात आणि वरून कापड. तिथल्या लिपिकाने व्हरांड्यात खेळणाऱ्या एका मुलीला बोलावलं. तिने कापडाखाली हात घालून डबी काढली, लिपिकाने ती उघडून नाव वाचलं. काम गेलं उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका गटाकडे. गट बायकांच्या नावावर असला तरी चालवायचा एक कंत्राटदार, हे सगळ्यांना माहीत होतं.

ती मुलगी दुसरीत शिकत होती. तिची आई हरलेल्या तीन गटांपैकी एकात, त्याच शाळांमध्ये कित्येक वर्षं खिचडी शिजवणारी. तिथूनच सगळं बिघडलं.

आईच्या गटाच्या अध्यक्षा तक्रार अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात आल्या. आवाज असा की लॉकअपमधला माणूससुद्धा उठून बसला. "मॅडम, सोडत फिक्स होती. आणि आमच्याच बाईच्या पोरीला चॉकलेट खिलवून केली. घरचीच फुटली, मग कुणाला बोलायचं?"

मोठ्या साहेबांनी अर्ज चौकशीसाठी माझ्याकडे दिला. कार्यालयातले कागद व्यवस्थित होते, सह्या होत्या. सगळे म्हणत होते, सोडत सर्वांसमोर झाली. खबर मिळाली ती फाटकाबाहेरच्या सरबतवाल्या मावशींकडून. मी नुसतीच बाकावर बसले होते. मी गप्प बसले की समोरचा बोलतो, हे मला तोवर कळलं होतं.

"त्या दिवशी कारकून साहेब बर्फ घेऊन गेले," मावशी म्हणाल्या. "मी बोलले, सरबत पण घ्या की. तर नको बोलले. नुसता बर्फ कोण खातं हो?"

ठाण्यात हे सांगितल्यावर हवालदार हसले. "आमच्या गावच्या भिशीत झालंय हे. एक डबी बर्फात ठेवायची. चिठ्ठी काढणाऱ्याला आधीच सांगायचं, हाताला गार लागेल ती उचल. संपला विषय." मग त्यांचं हसू गेलं. "म्हणजे पोरीला पढवलं होतं, मॅडम."

लहान मुलांना ठाण्यात बोलावत नाहीत. मी साध्या कपड्यांत तिच्या घरी गेले. एका खोलीचं स्वच्छ घर होतं. "जयभीम मॅडम, या," आई म्हणाली, पण चेहरा उतरलेला. सोडतीपासून मुलगी शाळेत गेली नव्हती. बोलतही नव्हती. वस्तीतल्या बायका तिला बघून तोंड फिरवत होत्या. मुलगी कपाटाच्या आडून माझ्याकडे पाहत होती. मी तिला ओळखलं. लहानपणी पाहुणे आले की मीही अशीच कपाटाआड असायचे.

मी काही विचारलं नाही. आई तांदूळ निवडत होती, मी ताट पुढे ओढून निवडायला लागले. बऱ्याच वेळाने कपाटाकडून आवाज आला.

"खडा राहिला."

"कुठे?"

ती आली, खडा उचलला आणि माझ्या शेजारी बसली. "तुम्ही पोलीस ना? मला नेणार?"

"नाही. मला तांदूळ कोण निवडून देणार मग?"

तिला हसू आलं नाही. दोन-चार दाणे इकडून तिकडे केले. "मी चॉकलेट खाल्लं," ती म्हणाली.

आईचे हात थांबले.

"कोणी दिलं?"

"ऑफिसमधल्या काकांनी. बोलले, गार लागेल ती डबी काढ. आणि कोणाला सांगायचं नाय."

"मग तू काढलीस."

"नाय!" ती एकदम चिडली. "मी गार नाय काढली! गार होती ती बाजूला केली आणि दुसरी काढली. मला वाटलं, आईचं नाव येईल. तरी त्यांचंच आलं." मग आवाज पार खाली गेला. "माझंच चुकलं."

आई पुढे सरकली. "अगं, मग मला सांगायचं नाय होय?"

"चॉकलेट खाल्लं होतं ना."

आईने तिला मांडीत ओढलं. हवालदारांना वाटलं होतं तसं झालं नव्हतं. गार डबी पातेल्यातच राहिली असेल, तर कॅम्प चारच्या गटाचं नाव निघालं कसं?

हा प्रश्न दुसऱ्या दिवशी लिपिकाला विचारला. बर्फाचं त्याने आधी झटकलं. "मॅडम, उन्हाळा आहे. माणसाने बर्फ पण घ्यायचा नाय?" मी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "मुलीने तुमच्या हातात दिलेली डबी गार नव्हती."

शेवटी तो म्हणाला, "हातात घेतली तेव्हाच कळलं. पण शब्द देऊन बसलो होतो."

त्याने डबी उघडली होती, चिठ्ठीवरचं नाव पाहिलं होतं आणि तोंडाने कंत्राटदाराच्या गटाचं नाव वाचून चिठ्ठी खिशात टाकली होती. ती दाखवा असं म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"नाव कोणाचं होतं?"

"बदलापूरच्या गटाचं."

म्हणजे खरोखर जिंकलेल्या बायका बिचाऱ्या तक्रार न करता घरी गेल्या होत्या. आणि कंत्राटदाराला काम मुलीने मिळवून दिलेलंच नव्हतं. ते सांगायला मी स्वतः गेले. तिने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "सदर मुलीची काही चूक नाही, असं लिहिलंय मी." ते तिने आईकडून परत म्हणवून घेतलं.

गुन्हा दाखल झाला, लिपिक आणि कंत्राटदार दोघांवर कारवाई झाली. कंत्राटदाराचा गट बाद झाला. जुनी चिठ्ठी वाचलीच गेली नसल्यामुळे ती धरता येईना, म्हणून वरच्या कार्यालयाने उरलेल्या तीन गटांत नव्याने सोडत ठेवली. बंदोबस्ताला मी होते. डबी कोणी काढायची यावर कुजबुज सुरू झाली. तेव्हा बदलापूरच्या गटातल्या एक बाई उठल्या. सगळ्यात जास्त नुकसान त्यांचं झालं होतं.

"त्या पोरीलाच काढू द्या," त्या म्हणाल्या. "तिला पढवून उपयोग नाय, ते तर दिसलंय."

सगळ्या हसल्या. नियमाप्रमाणे मी तिन्ही गटांची लेखी संमती घेतली. तिच्या आईच्या गटाच्या अध्यक्षा मुलीपाशी गेल्या, तिची रिबीन सरळ केली आणि म्हणाल्या, "या मावशीचं तोंड फाटकं आहे गं, मनावर घेऊ नको."

तिने डबी काढली. या वेळी चिठ्ठी सगळ्यांना दाखवली. नाव तिसऱ्या, चिखलोलीकडच्या गटाचं होतं.

तिने आधी आईकडे पाहिलं. आईच्या हातचं काम आता खरोखरच गेलं होतं. पण पहिली टाळी आईने वाजवली. त्यानंतर त्या सोडतीबद्दल एकही अर्ज ठाण्यात आला नाही. कंत्राटांच्या तक्रारी पुष्कळ पाहिल्या, पण हरलेल्या माणसाला शांत झोप लागेल अशी सोडत मी तेवढीच पाहिली.

पोलिसात गप्प बसलेल्या माणसाकडे आपण संशयाने बघतो. त्याच्याकडे लपवण्यासारखं काहीतरी आहे, असं धरून चालतो. या प्रकरणानंतर मी ते सोडलं. आपण थोडं चुकलो की आपल्या बरोबर वागण्याबद्दल बोलायचाही हक्क गेला, असं काहींना वाटतं. अशा माणसाशेजारी नुसतं बसावं लागतं.

त्या दिवशी सोडत संपल्यावर बाहेर जिन्यावर ती मुलगी चिखलोलीच्या बाईंना अडवून उभी होती. "तुम्ही खिचडीत मिरची किती टाकता?"

"तू सांगशील तेवढी," बाई म्हणाल्या.

"मग मी सोमवारी येते शाळेत," ती म्हणाली, आणि किती ते बोटाच्या पेरावर दाखवायला लागली.