आप्पांचा जाळपोळीचा अर्ज

आमचे आप्पा कुणाशी भांडत नसत, ते अर्ज करत. शेजारच्या कोंबड्याच्या आरवण्याविरुद्ध त्यांनी एकदा नगरपालिकेला अर्ज दिला होता. "सदरहू कोंबडा वेळापत्रक पाळत नाही," असं त्यात लिहिलं होतं. उत्तर आलं नाही. दोन महिन्यांनी त्यांनी स्मरणपत्र पाठवलं. तोवर कोंबडा शेजाऱ्यांनी खाल्ला होता. आप्पांनी मग आभाराचं पत्र लिहिलं.

आप्पा म्हणजे माझे चुलत सासरे. शहापुरात आमच्या घरी चार माग होते. इतर पुरुष मागावर बसत आणि आप्पा दारातल्या कट्ट्यावर मांडीवर फळी घेऊन गल्लीचे अर्ज लिहीत. "तोंडानं बोललेलं वाऱ्यावर जातंय, पोरी," ते मला सांगत, "लिवलेलं टपालात जातंय." टपालातून पुढं ते कुठं जातं, हे मी विचारलं नाही. लग्न होऊन मला सहाच महिने झाले होते.

बेचाळीस साली चळवळ पेटली. आमचं शहापूर तेव्हा संस्थानात होतं आणि लगतचं बेळगाव इंग्रजांकडे. गल्लीतल्या पोरांनी बेळगावात मिरवणूक काढायची ठरवली. आप्पा म्हणाले, सायबाला जा म्हणायचं तर रीतसर म्हणू. त्यांनी मसुदा केला: "मेहेरबान कलेक्टरसाहेब, विनंती विशेष, आपण सवडीनं देश सोडून जावे. कळावे, लोभ असावा." पोरं हसून लोळली. पण मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं आप्पाच होते, धुतलेला कोट घालून, कागद दोन्ही हातांत धरून.

कागद कुणी घेतला नाही. लाठ्या चालल्या. आप्पांचं मनगट सुजलं. दोन घरांपलीकडच्या बाळूचा हात मोडला. विणकराचा हात मोडला म्हणजे अख्खं घर बसलं. तरी आप्पांनी डाव्या हातानं तक्रार लिहिली. अक्षर इतकं वाकडं आलं की ते स्वतःच म्हणाले, "ही सायबाला कानडी वाटंल."

मग जमावबंदी आली. पाचांहून जास्त माणसं एकत्र दिसायला नकोत. आमच्या घरात जेवायला नऊ माणसं. सासूबाई कायदा मोडायला नको म्हणून दोन पंगती करू लागल्या. भजन बंद झालं. एके दिवशी पोलीस हद्द ओलांडून घराघरात शिरले. आप्पा दारात आडवे झाले आणि म्हणाले, "संस्थानात यायचा कागद दाखवा." त्यांना बाजूला ढकलून पोलीस आत गेले आणि मागावरच्या उभ्या धाग्यांचा अख्खा ताणा कोयत्यानं तोडला. पंधरा दिवसांची मेहनत जमिनीवर पडली. आमचे हे तिथंच उभे होते. त्या दिवसापासून ते मिरवणुकीबद्दल बोलेनासे झाले. टपालखात्याच्या तारा कशा तोडायच्या, याबद्दल बोलू लागले. ज्या पोरांना महिन्यापूर्वी घोषणा द्यायला लाज वाटायची, ती आता घासलेटाचा भाव विचारत होती.

साहेब लांब बंगल्यात होता. हाताशी होता मारुती शिपाई. तो आमच्याच गल्लीत राहायचा आणि बेळगावच्या पोलिसात होता. पोरांची नावं त्यानंच दिली, असं कुणीतरी म्हणालं. संध्याकाळपर्यंत सगळेच म्हणू लागले. त्याच्या बायकोला, गौराक्काला, विहिरीवर कुणी दोर देईना. तिच्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी.

आणि एका दुपारी, मारुती कामावर असताना, पंधरा-वीस पोरं त्याच्या दारासमोर जमली. घासलेटाचा डबा आमच्या ह्यांच्या हातात होता. आप्पा लगबगीनं गेले आणि पायरीवर मांडी घालून बसले. मागोमाग मी दौत घेऊन गेले. ती ते घरीच विसरले होते.

"जाळा की," आप्पा म्हणाले. "पर अर्ज लागंल."

"आप्पा, उठा तिथनं," पोरं ओरडली.

"लिवतो की लगेच." ते मोठ्यानं वाचत लिहू लागले. "आम्ही खाली सही करणार, मारुती शिपायाचे घर, आत त्याची बायको व तान्ही मुलगी असताना, जाळू इच्छितो. कारण... कारण काय लिवू रं?"

"त्यानं नावं दिली."

"कुणी बगितलं?"

 बाळू मोडका हात सावरत म्हणाला, "सरकार आपला अर्ज बगत न्हाय. आपुन कशाला बगायचा?"

"सरकारनं बगितला न्हाय म्हणूनच तर डबा हातात आलाय, बाळू." आप्पांनी टाक ह्यांच्यापुढं धरला. "पयली सही तुजी. घे."

ह्यांनी टाक घेतला. आतून गौराक्काची मुलगी रडत होती. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दौत धरून उभी होते आणि ती हिंदकळून माझं लुगडं निळं झालं होतं. ह्यांनी टाक पायरीवर ठेवला आणि डबा घेऊन घरी निघाले. बाकीचेही एकेक करून पांगले.

कागदावर सही एकच राहिली. सवयीनं आप्पांनी खाली "अर्ज लिहिणार" म्हणून स्वतःचं नाव घातलं होतं. पुढच्या झडतीत तो कागद सापडला. गल्लीतल्या जाळपोळीचा कट कुणाचा, हे सरकारला स्वच्छ अक्षरात मिळालं. आप्पा म्हणाले, "माजा अर्ज पयल्यांदा कुणीतरी शेवटपत्तुर वाचला."

त्यांना न्यायला मारुतीलाच पाठवलं. दुतर्फा पोरं उभी होती, काहींच्या मुठीत दगड होते. आप्पांनी मारुतीचा दंड धरला, म्हातारा माणूस पाय घसरू नये म्हणून धरतो तसा, आणि गल्ली संपेपर्यंत सोडला नाही. एकही दगड सुटला नाही.

आप्पा परत आले नाहीत. थंडीत तुरुंगातच तापानं गेले. निरोप मारुतीनं आणला. टोपी हातात घेऊन तो उंबऱ्याबाहेर उभा होता, आत यावं की नाही त्याला कळत नव्हतं. आमचे हे मागावरून उठले, त्याला हाताला धरून आत घेतलं आणि स्वतःशेजारी बसवलं.  मी दोघांना पाणी दिलं.