गाद्यांच्या खोलीतला सहावा आवाज

गाणं पोचल्याचं तुम्ही कळवलंत आणि लगेच विचारलंत, "आजी, शेवटी एकटीच गाते ती मुलगी कोण?" मी फोनवर विषय बदलला. ते तुमच्या लक्षात आलंच असेल. सासरच्या गावच्या शाळेत अडतीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईला प्रश्न अनुत्तरित ठेवायची सवय नसते. पण उत्तर लांब आहे आणि मला ते क्रमाने सांगायचं आहे, म्हणून लिहिते.

तुमचा लॅपटॉप फाल्गुनात आला. संगीत तयार करायचं सॉफ्टवेअर तुम्ही आधीच त्यात घालून ठेवलं होतं. पहिल्यांदा उघडलं तेव्हा काळा पडदा आणि त्यावर करड्या, रिकाम्या पट्ट्या एकाखाली एक दिसल्या. नावं लिहायच्या आधीचा हजेरीपट असावा तसं वाटलं. मी एक वही घातली. डाव्या पानावर बटणाचं नाव, उजव्या पानावर ते दाबल्यावर काय झालं. एक पट्टी म्हणजे एक ट्रॅक. एका ट्रॅकमध्ये एक आवाज. लाल गोल म्हणजे रेकॉर्ड. ताल धरायला टिकटिक वाजते, ती मिनिटाला एकशेवीस ठोक्यांवर लावून दिलेली होती. इतक्या घाईने आमच्याकडे कोणी टाळ्या वाजवत नाही, मी ती चौऱ्याऐंशीवर आणली. लूप नावाचं बटण आहे. ते चालू असलं की ठरवलेला तुकडा संपतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यापुढे मी एवढंच लिहिलं होतं: "थांबवल्याशिवाय थांबत नाही."

तुम्हाला माझ्या लहानपणीचं गाणं हवं होतं, त्याच्यावर बीट बसवायला. मी भुलाबाईचं निवडलं. भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई माहेरी येते, महिनाभर मुली घरोघर तिची गाणी म्हणतात, डबा खुळखुळवून आत काय खाऊ आहे ते ओळखतात, आणि कोजागिरीला तिची पाठवणी होते. तुमच्या आजोबांच्या घरी एक नियम होता. पाठवणी झाली की पुढच्या भादव्यापर्यंत ती गाणी तोंडातून काढायची नाहीत. मला हा नियम माहीत होता. पण चैत्र चालू होता, तुम्हा जुळ्यांचा वाढदिवस जवळ आला होता, आणि असले नियम मी कधी मनावर घेतले नाहीत.

रेकॉर्डिंगसाठी मी गाद्यांची खोली धरली. पाहुण्यांच्या गाद्या तिथे भिंतीला लावून छपरापर्यंत रचलेल्या असतात. सगळा आपल्याकडचाच कापूस. तिथे आवाज भिंतीवरून परत येत नाही. बोललेला शब्द ओठांपाशीच संपतो. आपण आहोत की नाही, अशी शंका यावी इतकी ती खोली मुकी आहे. कूलर बंद, दार बंद, दुपारचे चार. बाहेर उन्हाने रस्ता पांढरा झालेला. त्या वेळी आपल्या पांढुर्ण्यात कुत्रंसुद्धा भुंकत नाही. तिगावकडून येणाऱ्या गाडीची शिट्टी तेवढी येऊन जाते.

माझ्यामागे गाद्यांना टेकून बाई बसल्या होत्या. बाई म्हणजे तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, माझी नणंद. मोहगावला दिलेल्या. यजमान गेल्यावर इथे माझ्यासोबत राहायला आल्या, त्याला अकरा वर्षं झाली. वय चौऱ्याहत्तर. डावा डोळा काचबिंदूने कधीच गेला. उजव्यात मोतीबिंदू पिकत आला होता. नागपूरला त्यांच्या मुलाने डॉक्टर ठरवला होता, वैशाखातल्या एका सोमवारची तारीख मिळाली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं: आता चालढकल केली तर हाही डोळा हातचा जाईल. एकच डोळा आहे, हे तेवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

कानाला हेडफोन लावून मी तेच गाणं पाचदा म्हटलं, पाच ट्रॅकवर. मग पाचही एकदम वाजवले. मुलींचा घोळका हवा होता, पाच म्हाताऱ्या निघाल्या. वहीत पाहिलं, आवाजाची पट्टी चढवता येते. सगळं एकदम निवडलं आणि चार सूर वर नेलं. मग हेडफोन काढला, स्पीकर लावला.

पोरी गाऊ लागल्या. मला हसूच आलं, इतक्या खऱ्या वाटत होत्या. गाणं संपलं. पाचही आवाज थांबले. आणि मग एक आवाज पुढे चालू राहिला.

बारीक. जरा लांबून येणारा. गाण्याचं एक कडवं, जे मला येत नव्हतं. ओळीच्या मधेच श्वास घ्यायला थांबायचा आणि उरलेली ओळ पुरी करायचा. मी हात उचलला, पण बटण कोणतं ते सुचेना. कडवं संपलं आणि खोली पुन्हा तशीच मुकी झाली.

"वैनी," मागून बाई म्हणाल्या, "लावा न पुन्हा."

"थांबा बाई, काहीतरी चुकलंय माझं."

"काई नाई चुकलं. थे धाकटी हाये."

त्यांना एक धाकटी बहीण होती, एवढंच मला माहीत होतं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. घरात कोणी तिचं नाव काढत नसे, फोटो नव्हता. बाईंनी त्या दुपारी सांगितलं. नऊ वर्षांची होती. छातीचा विकार. दोन शब्द म्हटले की दम घ्यावा लागायचा, पण गायची हौस दांडगी. बाकीच्या पोरींचं गाणं आटपायचं तरी हिची ओळ बाकी असायची, म्हणून शेवटचं कडवं सगळ्यांनी तिच्यावरच सोडलं होतं. आश्विनात ती गेली, कोजागिरीच्या आठ दिवस आधी. त्या वर्षी पाठवणी झालीच नाही.

"मी तवापासून गाणं म्हटलं नाई, वैनी. एकपण नाई."

हे खरं होतं. पन्नास वर्षांत, लग्नाकार्यात, देवापुढे, कुठेच मी बाईंना गाताना ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी ते गाणं तुम्हाला पाठवून दिलं. घरात ठेवायला नको वाटलं, असं म्हणा हवं तर.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बाई माझ्याआधी खोलीत जाऊन बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशीही. वाजवलं की शेवटच्या कडव्याला त्या मान पुढे करायच्या आणि मधल्या श्वासाला स्वतःही श्वास रोखायच्या. मग उठून चहा घ्यायच्या, अगदी खुशीत. त्यांची भूक वाढली. मला बरं वाटायला हवं होतं.

सोमवार पाच दिवसांवर आला तेव्हा मी त्यांची बॅग भरायला काढली.

"बॅग ठेवून द्या," त्या म्हणाल्या. "मी नाई जाऊन राहिली."

"म्हणजे?"

"पोरगी येऊन बसली घरात अन् मी नागपूर फिरू? एकटी कशी राहील थे?"

"बाई, डोळा जाईल तुमचा."

"मंग जाईल. तिले पाहाले डोळा लागते काय?"

नागपूरहून मुलाचा फोन आला. स्पीकरवर होता. "आई, काय लावलं हे? डॉक्टर रोज रोज तारीख देऊन राहिले का?"

"तू आपलं काम पाय," बाई म्हणाल्या. "तुह्या मावशीले भेटला नाईस तू."

 तो मला म्हणाला, "मामी, आईले काय ऐकवून राहिले तुमी?"

त्याच्या या प्रश्नाने मी वही घेऊन बसले. चूक माझी होती, तर शोधणंही माझं काम. पडद्यावर ट्रॅक मोजले, पाचच होते. पण पाचव्या ट्रॅकवर बारकाईने पाहिलं तर एका आवाजाखाली दुसरा दडलेला होता. लूप चालू राहिलं होतं, आणि ठरवलेला तुकडा गाण्याहून एका कडव्याने लांब होता. माझं पाचवं गाणं संपलं, मी वहीत काहीतरी लिहीत बसले, आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून फिरून रेकॉर्ड करत राहिलं. माझ्या कानावर हेडफोन होता. आतल्या माझ्याच चार आवाजांखेरीज आणि टिकटिकीखेरीज मला काही ऐकू येत नव्हतं. त्या फेरीत खोलीत जे झालं ते सगळं माइकने घेतलं, आणि पट्टी चढवताना मी तेही चार सूर वर नेलं.

खोलीत त्या वेळी दोघीच होतो. मी गात नव्हते.

मला केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. बाईंना समोर बसवून मी सगळं समजावलं, वर्गात समजावते तसं. "बाई, मागे बसून तुम्ही गुणगुणलात. मशीनने तुमचा आवाज बारीक केला. कडवं तुम्हाला येतं. मधे दम लागतो तो वयाचा. बहिणीबहिणींचे आवाज सारखे असतातच."

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "माह्या तोंडात सुपारी होती, वैनी."

"विसरला असाल."

"साठ वर्षं जे केलं नाई थे करीन, अन् विसरीन?"

मी हट्टाने तो एकच आवाज वेगळा काढला आणि चार सूर खाली आणला, जसा मूळ होता तसा. खाली आल्यावर तो लहान मुलीचा राहिला नाही. थकलेल्या बाईचा झाला. मी बाईंकडे पाहिलं, त्या माझ्याकडे. हा तुमचा आवाज, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि थांबले. त्यांचं गाणं मी जन्मात ऐकलेलं नव्हतं. कशाशी ताडून पाहणार?

"गाऊन दाखवा एकदा," मी म्हटलं.

"बेमोसम बोलावलं तुमी," त्या म्हणाल्या, रागाने नाही. "आता अजून काय बोलावता?"

मी म्हटलं, मग मोबाईलमध्ये घालून देते, नागपूरला घेऊन जा, चार वाजता लावत जा.

"अन् तिले लेकाच्या घरी नेऊ? थे माहेरी येते, वैनी. माहेर म्हणजे भावाचं घर. हे हाये थे. कोजागिरीशिवाय तिची पाठवणी होत नाई. तेवढे दिवस कोणीतरी घरात पाह्यजे."

कोजागिरीला साडेपाच महिने होते. डोळ्याला चार दिवस.

रविवारी सकाळपर्यंत मी दुसरं काही सुचतं का पाहिलं. मुलाला सांगून जबरदस्तीने नेता आलं असतं. बाई दारातच बसून राहिल्या असत्या. गाणं पुसून टाकता आलं असतं. एक बटण, आणि ते वहीत होतं. बोट तिथवर नेलं, दाबलं नाही. मला कशाचा भरवसा नव्हता हे अजून नीट सांगता येत नाही. आवाज पुसला जाईल याचा, की नाही जाणार याचा.

"बाई," मी म्हटलं, "मी आहे न घरात. माहेर भावजयीचंही असतं. रोज चारला मी लावीन."

"दरोज?"

"रोज."

"बसून ऐकाल? का लावून देऊन सैपाकघरात जाल?"

"बसून ऐकीन."

त्यांनी माझ्याकडे त्या एका धूसर डोळ्याने इतका वेळ पाहिलं की मीच नजर वळवली. मग म्हणाल्या, "हिरवं लुगडं टाका बॅगीत."

मुलगा गाडी घेऊन आला. बाई गाडीत बसण्याआधी गाद्यांच्या खोलीत गेल्या, दार लोटून घेतलं, मिनिटभराने बाहेर आल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. त्या खोलीतून काही ऐकू येतच नाही.

सोमवारी चार वाजता मी एकटी तिथे बसले. आधी ठरवलं होतं की वर्तमानपत्र वाचत ऐकायचं. ते जमलं नाही. पाच पोरी गाऊन थांबल्या. त्या पोरी म्हणजे मीच, हे माहीत असून त्यांच्या थांबण्याचा राग आला. मग ती एकटी गात राहिली, मधे दम घेत. ऑपरेशन त्याच वेळी चालू होतं.

बुधवारी गॅसवाला आला म्हणून मला दहा मिनिटं उशीर झाला. त्याला दारातूनच वाटेला लावून मी घाईने खोलीकडे निघाले आणि "आले ग बाळा, आले" म्हणत दार उघडलं. उघडल्यावर कळलं की आपण मोठ्याने बोललो. बराच वेळ मी उंबऱ्यावर उभी होते. आत गाद्या होत्या, लॅपटॉप होता, बंद होता.

गुरुवारी बाईंचा फोन आला. डोळ्यावरची पट्टी निघाली होती.

"वैनी, नातवाच्या शर्टाची बटनं मोजली मी. सात. अन् सुनेनं जाळी झाडली नाई वो कोपऱ्यातली, सगळी दिसून राहिली." पाठीमागे सून हसून काहीतरी बोलली. मग बाईंचा आवाज खाली आला. "लावून राहिल्या न?"

"लावून राहिले."

"बसून?"

"बसून."

"महिना इथंच राहा म्हणते डॉक्टर. तिले सांगा, मी येतो म्हणून. डोळ्यानं चांगलं दिसते म्हणून सांगा."

तुमची आजी काय मानते आणि काय मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात बदल झालेला नाही. ती मुलगी कोण, याचं उत्तर माझ्याकडे दोन प्रकारचं आहे आणि दोन्ही मी वर लिहिलं आहे. त्या गाण्यावर बीट बसवायचं असेल तर पाच आवाज घ्या, शेवटचं कडवं घेऊ नका. दुसरं गाणं कोजागिरीनंतर पाहू.

फोन ठेवला तेव्हा चारला पाच कमी होते. मी कूलर बंद केला, खोलीत गेले, आणि लॅपटॉप उघडण्याआधी तिला निरोप सांगितला.