गयाबाईंनी सोडलेला चहा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणींना नाही. भावाला तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, कारण जे काही केलं ते त्याच्या नावावर केलं. त्यालाही नाही. तुम्हाला सांगते आहे. मध्येच थांबले तर समजून घ्या, मला हे सलग सांगायची सवय नाही.

मी नांदेडची. ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. आवाज मोठा, मतं ठाम, आणि कुणी आगाऊ प्रश्न विचारला तर उत्तर तयार. पंचेचाळिशीत सायकल चालवायला लागले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, डॉक्टरांनी सांगितलंय का? मी म्हटलं, नाही, माझं मीच सांगितलं. असं मला बोलता येतं. मग त्या एका दिवशी का नाही आलं?

सायकल दिली मकरंदनं. माझा धाकटा भाऊ, पुण्याला असतो. अगदी धडधाकट. वर्षातून एकदा त्याला सर्दी होते आणि तिचाही तो सोहळा करतो. एका भाऊबीजेला त्यानं ओवाळणी म्हणून चांगली गिअरची सायकल दारात उभी केली आणि म्हणाला, आता सांग कुठं जातेस. मी म्हटलं, समुद्रापर्यंत. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज उरकली तशी मी एकटीच नांदेडहून निघाले. लोहा, अहमदपूर, लातूर, तुळजापूर, सोलापूर, आणि पुढे कर्नाटकातून थेट गोकर्ण.

सायकल चालवणं अवघड नव्हतं. अवघड होतं ते थांबणं. कारण थांबलं की प्रश्न यायचा — कशापायी? लोह्याला मी खरं सांगितलं. म्हटलं, असंच, आवड म्हणून. एक इस्त्रीच्या कपड्यांतले गृहस्थ म्हणाले, "घरी सांगून आलाव ना?" आणि नवऱ्याचा नंबर मागू लागले, खात्री करून घेतो म्हणाले. पुढच्या गावात एका बाईनं माझा हात धरून हळूच विचारलं, सासरी काही त्रास हाय का? बाई मायेनं विचारत होती, पण मला त्याचाही राग आला. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईला हवेसाठी, रस्त्यासाठी, स्वतःच्या पायांसाठी फिरावंसं वाटू शकतं, हे कुणाच्या गावीच नव्हतं.

अहमदपूरला मोंढ्याजवळ, धान्याच्या बाजारापाशी, पाणी प्यायला थांबले. तिथल्या कट्ट्यावरच्या एका म्हाताऱ्यांनी तोच प्रश्न विचारला. आणि मी — खरंच सांगते, आधी काहीही ठरवलेलं नव्हतं — म्हणाले, "नवस आहे. तुळजापूरचा."

कुणासाठी? भावासाठी. काय झालं भावाला? किडन्या. जीवशास्त्राच्या बाईला आजारांचा काय तोटा.

म्हातारे उठून उभे राहिले. कट्ट्यावरची माणसं सरकली, मला बसायला सांगितलं. एकानं माझ्या बाटल्या भरून आणल्या, दुसऱ्यानं केळी दिली आणि हात जोडले. सकाळपासून जी बाई चक्रम होती, ती एका शब्दानं पूज्य झाली. आणि मला ते आवडलं. सांगायला लाज वाटते, पण आवडलं. तिथून पुढे जो विचारेल त्याला मी तेच सांगत गेले, आणि दर वेळी थोडा मीठमसाला वाढला. हैदराबादचं हॉस्पिटल आलं. डायलिसिस आलं. दोन लहान लेकरं आली. मकरंदला एकच मुलगी आहे आणि ती त्याच्याही डोक्यावरून गेलीय उंचीनं.

अहमदपूर सोडून चाकूरकडे निघाले आणि दिवस कलताना सायकल पंक्चर झाली. जवळची ट्यूब आधीच संपली होती. ढकलत ढकलत एका हॉटेलापाशी आले. हॉटेल म्हणजे पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, बाजूला कडुलिंबाचं झाड आणि मागे राहतं घर. तिथं गयाबाई होत्या. साठीच्या, काटक, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या हाती चाक अहमदपूरला पाठवलं आणि मला म्हणाल्या, "आता कुटं जाताव? ऱ्हावा इथंच." मालक शेतावर राखणीला गेलेले. मी राहिले.

गयाबाईंना चहाचं भारी वेड. गिऱ्हाइकाला कप गेला की उरलेला घोट बशीत ओतून स्वतः घ्यायच्या, डोळे मिटून. दिवसातून किती वेळा, कोण मोजतंय. "भाकर नसली तर चालतंय," म्हणाल्या, "च्या पायजे." त्या हसल्या की समोरच्यालाही हसू यायचं.

आता नीट ऐका, कारण चूक इथं आहे. अहमदपूरला जे बोलले ते वैतागून बोलले असं म्हणता येईल. गयाबाईंशी खोटं बोलायची काहीच गरज नव्हती. मी आवड म्हणून फिरते म्हटलं असतं, तर त्या पोट धरून हसल्या असत्या आणि तेवढ्याच मायेनं भाकरी थापली असती. हे मला तेव्हाही कळत होतं. तरी त्यांनी विचारल्यावर मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं — हॉस्पिटल, लेकरं, नवस. कारण एव्हाना मला ते छान सांगता येत होतं.

त्यांचा भाकरी थापणारा हात थांबला. मग म्हणाल्या, "मला भाऊ न्हाई बाई. भाऊबीजेला मी चंद्राला ववाळते." एवढंच. तव्यावरची भाकरी करपली, ती त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

सकाळी त्यांनी मला चहा दिला आणि स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसल्या. मी विचारलं, तुम्ही?

"सोडला," म्हणाल्या.

मला कळेना. त्यांनी समजावून सांगितलं. रात्री देवीला बोलून झालं होतं. या बाईचा भाऊ बरा होस्तोर मी च्या सोडला. "तुमी येवढं लांब सायकल मारून राहिलाव. मला तर बसल्या जागी करायचंय. तेवढाच माझा हात."

कप माझ्या हातात होता. वाफ येत होती. मावशी, माझा भाऊ ठणठणीत आहे — एवढं म्हणायचं होतं. कसली भीती होती मला? त्या रागावल्या नसत्या. फार तर कपाळाला हात लावून म्हणाल्या असत्या, काय बाई तरी. पण त्यांच्या नजरेत मी जी कुणी झाले होते, ती सोडायला मी तयार नव्हते. त्यांनी चहा सोडला आणि मला ते सोडवलं नाही. मी "कशाला हो मावशी" असं काहीतरी पुटपुटले. त्या म्हणाल्या, असू द्या. चाक आलं. त्यांनी हँडलला हळदकुंकू लावलं. मी कप रिकामा करून निघाले.

तुळजापूरला मी देवळात गेलेसुद्धा नाही. गावाबाहेर पोहे खाल्ले आणि सोलापूरचा रस्ता धरला.

गोकर्णाला पोचले, परत आले, फोटो छापून आले. मग भाषणं सुरू झाली. शाळांत, महिला मंडळांत, प्रवासात भेटलेली माणसं या विषयावर. मी बरी बोलते. गयाबाई प्रत्येक भाषणात असायच्या. पत्र्याचं हॉटेल, चुलीवरची भाकरी, चंद्राला ओवाळणं. तिथं बायका डोळे पुसायच्या. चहाचं मी कधीच सांगितलं नाही. ते सांगायचं तर नवसाचं सांगावं लागलं असतं.

लातूरला पेपरांच्या कामासाठी मी दर वर्षी जाते. बस त्याच रस्त्यानं जाते, आणि लिंबाचं झाड जवळ आलं की मी पलीकडच्या खिडकीकडे बघायची. एका वाक्याचं काम होतं. खरं बोलले असते तरी त्या सुटल्या असत्या, आणखी एक थाप मारली असती तरी सुटल्या असत्या. मी दोन्ही केलं नाही. स्वतःची समजूत घातली की त्या कुठल्या एवढं पाळताहेत, महिनाभरात सुरू केला असेल. जिच्या घरी जेवले, जिच्या अंथरुणावर झोपले, तिच्या शब्दाची मी ही किंमत केली.

मग मागच्या हिवाळ्यात बसचा ड्रायव्हर नेमका तिथंच चहाला थांबला.

मी उतरले. उतरताना ठरवलं होतं, आज खरं सांगायचं. मला बोलता येतं, तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलंय. गयाबाईंनी मला साडीतही ओळखलं. कपाळ मोकळं होतं त्यांचं. चुलीवर चहा उकळत होता आणि शेजारी पाण्याचा तांब्या होता.

"भाऊ कसा हाय?" माझं नावसुद्धा न घेता हे पहिलं.

"बरा आहे," मी म्हणाले. हे तर खरंच होतं. इथून मला पुढे जाता आलं असतं.

त्यांनी हात जोडून वर पाहिलं. मग विचारलं, "कवा बरा झाला?"

हा प्रश्न माझ्या ध्यानीमनी नव्हता. कधीच बरा झालाय म्हणावं, तर मग सांगायला का नाही आलाव? आजारी नव्हताच म्हणावं, तर सगळंच सांगावं लागतं. बस उभी होती, लोक बघत होते. मी म्हणाले, "गेल्या महिन्यात."

त्या रडायला लागल्या. "येवढी वर्सं भोगलं हो लेकरानं," असं म्हणून मकरंदसाठी रडल्या, ज्याला त्यांनी कधी पाहिलेलंही नाही. बाकावर बसलेला एक माणूस म्हणाला, "मावशी, आता तरी घ्या च्या." आणि मला सांगू लागला — मालक गेले, तवा शेजारच्यांनी करून आनला, घोटभर घ्या म्हनले, तवाबी घेतला न्हाई यांनी. कुणाच्या तरी भावासाठी देवीला बोललेय म्हनल्या.

गयाबाईंनी दोन कपांत चहा ओतला. एक मला दिला. आपला बशीत घेतला, डोळे मिटले, घोट घेतला. मग डोळे उघडून बशीकडे बघत राहिल्या.

"काय की बाई," म्हणाल्या, "निस्ता गोड गोड लागून राहिलाय. सवयच मोडली." आणि हसल्या. बशी खाली ठेवली, पुन्हा उचलली नाही. "असू द्या. भाऊ बरा झाला न्हवं. येत्या भाऊबीजेला घिऊन या त्याला. चंद्राला ववाळून कटाळा आलाय."

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. मी आणते म्हणाले, माझा चहा संपवला आणि बसमध्ये जाऊन बसले.

ती भाऊबीज आता होऊन गेली. गयाबाईंनी दिवसभर रस्त्याकडे बघितलं असणार. मी पुण्यात होते, मकरंदकडे. पाट मांडला, त्याला ओवाळलं, तबकात त्यानं पाकीट ठेवलं. मग उठून स्वयंपाकघराकडे जात त्यानं विचारलं, ताई, चहा टाकू?

मी हो म्हटलं.