लघुग्रह आणि संतोषचा कान

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी तर नाहीच — कारण संतोष तिचा धाकटा भाऊ.

आकाश बघणं हा माझा छंद. कोथरूडच्या गच्चीवरून दिसतात ते सोसायटीचे दिवे. म्हणून पृथ्वीजवळून एक लघुग्रह जाणार होता त्या संध्याकाळी दुर्बीण घेऊन लोणी काळभोरला गेलो, संतोषच्या शेतावर. लघुग्रह म्हणजे दिसणार तरी काय? ताऱ्यांमधून सरकणारा फिकट ठिपका, बस. पण तेवढ्यासाठी डोळे बराच वेळ अंधाराला सरावावे लागतात आणि एकदा पांढरा उजेड पडला की सगळं पाण्यात. आम्ही हौशी लोक टॉर्चलाही लाल कागद लावतो. संतोषला बजावलं होतं — तरी त्यानं दोनदा मोबाईलचा टॉर्च लावला. मी दातओठ खात पुन्हा डोळे अंधाराला सरावत बसलो.

मग ठिपका सापडला. खरंच सरकत होता! आणि पुन्हा तो पांढरा झोत, थेट माझ्या डोळ्यांवर.

काय झालं मला? झालं काही नाही — मी केलं. दुर्बिणीचा तोल साधायचं एक जादा लोखंडी वजन पायाशी होतं. ते उचललं. मोबाईल तसाच पेटता ठेवून संतोष आता माझ्याकडे पाठ करून वाकला होता. त्याच्या कानामागे घातलं, जीव खाऊन. तो दुर्बिणीच्या स्टँडसकट कोसळला. कानातून रक्त आलं. आणि खरं सांगू? — मला बरं वाटलं. अजून एक घालावासा वाटला. हात वर गेलाही होता.

तेवढ्यात पायाला चटका बसला. थर्मास लवंडला होता. संतोष माझ्यासाठी चहा ओतत होता.

दवाखान्यात शुद्धीवर आला तेव्हा त्याला काहीच आठवेना. मी म्हणालो, "स्टँडमध्ये पाय अडकला तुझा." डॉक्टरांना तेच सांगितलं, बायकोलाही तेच. डावा कान गेला तो गेलाच.

दर भाऊबीजेला तो घरी येतो. उजवा कान माझ्याकडे करून बसतो आणि न चुकता म्हणतो, "दाजी, माझ्या पायानं तुमची दुर्बीण पडली. लई वाईट वाटतं बघा."

आणि मी — मोठ्या मनानं — म्हणतो, "जाऊ दे रे. होतं असं."