तळपायांनी लाकूड पाहणारे आप्पा

आप्पा मिस्त्री लाकूड तळपायांनी बघत. लातूरच्या त्या चकचकीत दुकानात त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, नमुन्याच्या फळ्या खाली मांडायला लावल्या आणि डोळे मिटून एकेकीवर उभे राहिले. सागावर थोडा वेळ, तांबड्या ओकच्या विलायती लाकडावर थोडा वेळ. पांढऱ्या ओकवर मात्र इतका वेळ की दुकानदाराने मला हळूच विचारलं, "झोपले की काय?"

मी तेव्हा घर बांधत होतो. शिरूर अनंतपाळहून आई कायमची आमच्याकडे यायची होती. काचबिंदूने तिची नजर जवळपास गेलेली. "तुमच्या गार फरशीवर पाय बधिर होतेत, कुठं चाललेय तेच कळत न्हाई," म्हणून ती दर वेळी चार दिवसांत परत जाई. लाकडी जमीन करायची ठरली ती तिच्यासाठी.

आप्पांचा जन्म सागात गेलेला. ओक त्यांना नवा. त्यांनी दोन्ही ओकचे छोटे तुकडे मागितले, एक टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं आणि दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकर घातली. तांबड्यातून बुडबुडे आले, पांढऱ्यातून एकही नाही. "हे पाणी पिणार न्हाई. ह्येच घ्या."

फळ्या आल्या, तरी पंधरा दिवस त्यांनी काम सुरू केलं नाही. गठ्ठे सोडून नुसत्या खोलीत ठेवल्या. "बर्फाच्या मुलखातलं झाड हाय. आपला उन्हाळा सपनात बी बघितला नसंल. जरा रमू द्या." रोज दुपारी येऊन ते फळ्यांशेजारी बसत. खिडकीतलं ऊन त्या मधाळ रेषांवरून सावकाश सरकत जाई आणि आप्पा नदीकाठी बसल्यासारखे बघत राहत. हळूहळू मीही शेजारी बसू लागलो. कुठलं तरी न पाहिलेलं रान खोलीत येऊन निजलंय, असं वाटे.

बसवताना मात्र आमचं वाजलं. दारापासून सगळ्या फळ्या उभ्या, आणि आईच्या खोलीपुढे दोन हात आडव्या!

"आप्पा, हे चुकलंय. काढा."

"आई येऊ द्या. त्या म्हणल्या तर काढतो," एवढं बोलून ते फळ्यांच्या कडा घासत राहिले.

आई आली. धरायला गेलेला माझा हात तिने बाजूला सारला. अनवाणी पावलाने दोन फळ्यांमधली बारीक खाच चाचपत ती सरळ चालत गेली. आडव्या फळ्या लागल्या तशी थांबली.

"माझी खोली आली का रे?"

आप्पा भिंतीशी उभे होते. हत्यारं गोळा करून ते निघून गेले.

ते त्यांचं शेवटचं काम. हात थरथरू लागले, तसे ते लोह्याला लेकीकडे राहायला गेले आणि गेल्या हिवाळ्यात तिथेच वारले. आईला सांगितलं.

"मी त्यांला कधी बघितलंच न्हाई," ती म्हणाली. "कसे होते रे दिसायला?"

मी सांगू लागलो. उंच, वाळकेसे, कानावर पेन्सिल, बोलताना खाली बघायची सवय. आई जमिनीवरून पाऊल हलकेच फिरवत ऐकत होती, आणि यातलं बरंचसं आधीच ठाऊक असल्यासारखी मान हलवत होती.